टूर्नामेंटच्या चिप्स म्हणजे नोटा नव्हेत

गोव्याच्या पोकर महोत्सवाला, म्हणजे पत्त्यांच्या या खेळाच्या स्पर्धांना, जायचा बेत ठरला की नांदेड-परभणीकडच्या मंडळींत एक हिशेब हमखास ऐकू येतो: "फी भरायची, चिप्स दुप्पट झाल्या की वटवायच्या अन् रात्रीच्याच गाडीनं परत." पोळ्याच्या तीन पत्तीत चालतं हे. स्पर्धेत नाही.

स्पर्धेतल्या चिप्सना, म्हणजे डावात लावायच्या चकत्यांना, रोख किंमतच नसते. लास वेगासच्या मुख्य जागतिक स्पर्धेत फी १०,००० डॉलर, पण खेळाडूला मिळतात ६०,००० चिप्स. त्या काउंटरवर कुणी घेत नाही. त्या संपल्या की तुम्ही बाद, आणि कितव्या क्रमांकावर बाद झालात यावर बक्षीस ठरतं. साधारण वरच्या दहा-पंधरा टक्क्यांनाच काही मिळतं. बाकीच्यांची फी गेली. वटवता येतात त्या कॅश गेमच्या, म्हणजे थेट पैशांवर चालणाऱ्या डावाच्या चिप्स, ते टेबलच वेगळं.

दबा धरून बसणंही परवडत नाही. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांना सक्तीनं लावाव्या लागणाऱ्या चिप्स, ठरावीक मिनिटांनी वाढत जातात. मोठ्या स्पर्धेत दिवस संपला की उरलेल्या चिप्स मोजतात, आकडा लिहितात आणि पिशवीत सीलबंद करतात. पुढच्या फेरीला तीच पिशवी फोडायची. मग पहिल्याच रात्रीचं परतीचं तिकीट काढणारा हरायचं ठरवूनच निघालेला असतो!

जिंकलात तर ३० टक्के कर, वर उपकर. प्रवास-लॉजचा खर्च त्यातून वजा होत नाही.