जळालेल्या गाडीवरचं दव

घोडबंदर रोडवर गायमुखच्या आसपास जानेवारीच्या पहाटे एखादी गाडी पेटली, तर बंब येऊन आग विझेपर्यंत बहुधा सांगाडाच उरतो. यात आता काय सापडणार, असं बघ्यांना वाटतं. सापडतं बरंच, पण आग विझल्यावरही पुरावा तासातासाला बदलत राहतो.

ठाण्याची थंडी ती केवढी! पहाटेचे १५ ते १८ अंश. तरी कुणी आग लावायला पेट्रोल ओतलं असेल, तर ते उडून जायला उन्हाळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. सीटचा फोम बंबाच्या पाण्याने भिजला असेल तर आणखी बरं. पेट्रोल पाण्यात विरघळत नाही आणि ओल्या फोमच्या आत अडकलेलं लवकर उडत नाही. मात्र नमुना साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला तर वाफ तिच्यातून निसटते. त्यासाठी नायलॉनची खास पिशवी किंवा घट्ट झाकणाचा कोरा पत्र्याचा डबा लागतो. प्रयोगशाळेत तो गरम करून वर साचलेली वाफ गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे वाफेतले घटक वेगळे करून ओळखण्याच्या पद्धतीने, तपासतात.

थंडीत खरा त्रास दवाचा. गाडीच्या पत्र्याची उष्णता रात्री आकाशाकडे निघून जाते, तो हवेपेक्षाही गार पडतो आणि त्यावर दव धरतं. रंग जळून उघड्या पडलेल्या पोलादावर, त्यात खाडीच्या खाऱ्या हवेत, गंज झपाट्याने चढतो. कुठे रंगाचा काळा पापुद्रा, कुठे पांढुरका उघडा पत्रा, यावरून आग कुठे जास्त भडकली ते कळतं. गंज चढला की हा फरक झाकला जातो. म्हणून गाडी हलवण्याआधी, पंचनाम्याच्या वेळीच, सगळ्या बाजूंनी फोटो हवेत.

पुढची काच खालून आधी गेली असेल तर आग बहुधा इंजिनाकडून आत आली, वरून गेली असेल तर आतूनच वर चढली. ॲल्युमिनियम अवघ्या ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे वितळलेल्या चाकावरून फारसं काही सिद्ध होत नाही. तांब्याला १०८५ अंश लागतात. वायरीच्या एकाच जागी वितळलेल्या तांब्याचा मणी आणि शेजारची तार शाबूत, म्हणजे तिथे ठिणगी उडाली होती. पण तिने आग लावली की आगीने वायरीचं आवरण जाळून ती उडवली, हे मणी सांगत नाही.

काचेवर बारीक तड्यांची जाळी दिसली की ‘आग एकदम भडकवली’ असं पूर्वी बेधडक लिहीत. कॅलिफोर्नियात ओकलंडला १९९१ साली लागलेल्या वणव्यानंतर जळालेली घरं तपासली, तेव्हा ही जाळी तापलेल्या काचेवर पाणी पडल्याने होते असं दिसलं. म्हणजे ती बंबाची करामत!

नमुन्यात पेट्रोल सापडलं तरी घाई नको. ते पेट्रोलच्या गाडीत असतंच, सीएनजीच्या गाड्यांतही बहुधा असतं. शिवाय जळणारा फोम आणि प्लॅस्टिक स्वतःच टोल्युइनसारखी, पेट्रोलमध्येही असणारी द्रव्यं सोडतात. म्हणून त्याच गाडीतला न जळालेला फोमचा तुकडा तुलनेसाठी वेगळ्या डब्यात घेतात. गाडी डिझेलची आणि मागच्या सीटखाली पेट्रोल निघालं, तर मात्र मालकाला उत्तर द्यावं लागतं.