खार जमिनीतील भातशेती (कोकण)

खाडीकाठच्या सखल जमिनीत भरतीचे पाणी बांधाने अडवून, पावसाच्या गोड्या पाण्यावर भात पिकवण्याची पद्धत. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत ती आढळते. अशा जमिनीला खार किंवा खाजण म्हणतात. अलिबाग-पेणकडचा पट्टा ‘खारेपाट’ म्हणूनच ओळखला जातो. गोव्यातही खाजण शेती जुनी आहे.

या शेतीचा सगळा भार बांधावर आणि उघाडीवर असतो. उघाडी म्हणजे बांधात बसवलेले, बाहेरच्या बाजूला उघडणारे झडपेचे दार. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी ते ढकलून बाहेर पडते आणि जाताना मातीतले मीठ घेऊन जाते. गोव्यात हिलाच मानस म्हणतात. दार कुजले किंवा बांधाला खांड पडली, तर एका उधाणात शेत खारे होते आणि ते पुन्हा गोडे व्हायला काही पावसाळे जावे लागतात. फुटका बांध तसाच राहिला तर शेतात कांदळवन उगवते. ते तोडण्यावर बंदी असल्याने जमीन शेतीला परत मिळणे दुरापास्त होते. त्यामुळे सुधारित बियाण्याआधी बांधाची वेळच्या वेळी डागडुजी हीच येथील पहिली सुधारणा मानली पाहिजे. त्यासाठी 1948 मध्ये मुंबई प्रांतात आणि 1979 मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र कायदे झाले.

बांध धड असला तरी उन्हाळ्यात जमिनीखालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि ढेकळांवर मिठाची पांढरी साय दिसू लागते. कापणीनंतर लगेच नांगरट केली किंवा पेंढ्याचे आच्छादन घातले तर ही चढण मंदावते. उत्तर भारतातील चोपण (सोडियम वाढलेल्या) जमिनींना जिप्सम लागते. कोकणात मात्र बहुतांश ठिकाणी मुख्य औषध पाऊसच. पहिल्या सरींचे पाणी खाचरात साठवून ओहोटीला सोडून द्यायचे, असे दोन-तीनदा केले की लावणीजोगी जमीन होते.

मातीची विद्युतवाहकता (तिच्यातील क्षारांचे माप) सुमारे 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की भाताचे उत्पन्न घटू लागते. उगवताना भात बऱ्यापैकी मीठ सोसतो. कोवळे रोप आणि फुलोरा या दोन अवस्था मात्र नाजूक. म्हणून रोपवाटिका गोड्या, उंच जागी करतात, थोडी जून रोपे लावतात आणि एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) रोपांची संख्या वाढवतात. पाण्याबरोबर नत्र वाहून जाऊ नये यासाठी खताच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) चिखलात खोचणे फायद्याचे ठरते.

काळा रता आणि भुरा रता हे कोकणातले जुने खारे भात, गोव्यात कोरगुट. उत्पन्न बेताचे, पण खारे पाणी चढले तरी हाती काहीतरी लागते, म्हणून शेतकऱ्यांनी ते सोडले नाहीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने भुरा रत्याच्या निवडीचा आयआर-8 या जास्त उत्पन्नाच्या वाणाशी संकर करून ‘पनवेल-1’ दिला. पुढे ‘पनवेल-2’ आणि ‘पनवेल-3’ आले. गोव्यात कोरगुटातूनच निवड करून ‘गोवा धान’ मालिकेतील काही वाण तयार झाले. नव्या वाणांची सहनशक्ती अशी जुन्या गावरान भातांतूनच आली असल्याने, ज्या शेतात काळा रता अजून पेरला जातो तेथील बियाणे जपणे निकडीचे आहे.