एका पॅनेलवर ठाणे ते वाशी

आमच्या चरईतल्या इमारतीच्या गच्चीवर दुपारी दोननंतर पाण्याच्या टाकीची सावली सौर पॅनेलच्या एका रांगेवर चढते. सावली कोपऱ्यापुरतीच असते, तरी त्या पॅनेलचा मोठा भाग बंद पडतो. आतले सेल माळेतल्या मण्यांसारखे एकापाठोपाठ एक जोडलेले असतात आणि एक अडला की त्याच्या ओळीतले सगळे अडतात. ही रांग हलवायची की नाही यावर सोसायटीची सभा बसली आणि बोलणं भलतीकडेच गेलं. एक काका म्हणाले, गाड्या इथेनॉलवर चालणारच आहेत, पॅनेल कशाला? दुसरे म्हणाले, थांबा, हायड्रोजन येतोय.

मला वाटतं, याचा हिशोब एकाच मापाने करावा: तेवढ्याच जागेवर पडलेल्या उन्हातून गाडी किती किलोमीटर जाते?

आमचं एक पॅनेल ५५० वॅटचं आहे, क्षेत्रफळ सुमारे २.६ चौरस मीटर. ठाण्यात तेवढ्या जागेवर वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण १३ युनिट ऊर्जेचं ऊन पडतं आणि त्यातून वीज मिळते २.२ युनिट. म्हणजे सतरा टक्के. आकडा लहान वाटतो, पण पुढे गळती फार कमी आहे. चार्जर आणि बॅटरीत दहा-पंधरा टक्के जातात. माझी इलेक्ट्रिक स्कूटर बॅटरीतल्या एका युनिटात ३०-३३ किलोमीटर जाते. म्हणजे एका पॅनेलवर रोज साठ किलोमीटर. ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रस्त्याने वाशीचं ऑफिस गाठून परत यायचं, तर चाळीस पुरतात.

आता त्याच २.६ चौरस मीटरवर ऊस लावू. एकरी ३२ टन उतारा धरला तर तेवढ्या जागेत जेमतेम २० किलो ऊस येतो. टनाला ७० लिटर इथेनॉल धरलं तर आपल्या वाट्याला दीड लिटरही येत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे हे एक लिटर पेट्रोलइतकं झालं. त्यावर पेट्रोलची स्कूटर ४५ किलोमीटर जाईल. हे रोजचं नाही, अख्ख्या पिकाचं! आडसाली ऊस असेल तर दीड वर्षाचं.

याला दोन कारणं आहेत. झाड ऊन साठवतं ते स्वतः जगण्यासाठी, त्यामुळे उसासारखं तगडं पीकसुद्धा उन्हातला एखाद-दुसरा टक्काच अंगात धरतं आणि त्यातला थोडाच भाग साखर होतो. दुसरं कारण इंजिन. पेट्रोल स्कूटर बंद केल्यावरही सायलेन्सरला पोटरी लागली की भाजते. ती उष्णता म्हणजे चाकापर्यंत न पोचलेलं इंधन. इंधनातल्या ऊर्जेचा चौथा हिस्सा चाकाला मिळाला तरी खूप. विजेच्या मोटरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास कामी येते. बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा, जाळून कारखाने वीज करतात, ती या हिशोबात धरली तर उसाची बाजू थोडी सुधारते. पण उसाने प्यायलेलं पाणीही मी धरलेलं नाही.

हायड्रोजनची गोष्ट वेगळी. तो सौर विजेपासूनच करता येतो, पण वाटेत दोनदा रूप बदलावं लागतं. पाण्याचं विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला ५० ते ५५ युनिट लागतात, दाबून टाकीत भरायला आणखी काही. मग गाडीतला फ्युएल सेल त्याची पुन्हा वीज करतो, तेव्हा जवळपास निम्मी ऊर्जा उष्णता होऊन जाते. एका किलोत कार साधारण १०० किलोमीटर जाते. बॅटरीची कार तेवढंच अंतर सोळा-सतरा युनिटांत कापते. म्हणजे तेवढ्याच विजेत तिप्पट प्रवास.

म्हणून हायड्रोजन टाकाऊ ठरत नाही. किलोभर हायड्रोजनमध्ये ३३ युनिट ऊर्जा असते. किलोभर लिथियम बॅटरीत पाव युनिटही जेमतेम मावते. न्हावा शेवा बंदरातून सुटणारं मालवाहू जहाज समुद्र ओलांडेल एवढी बॅटरी घेऊन निघालं, तर मालाला जागा उरणार नाही. तिथे हायड्रोजन किंवा त्यापासून केलेला अमोनिया लागेल. दुर्मीळ वस्तू जिथे दुसरा इलाज नाही तिथेच वापरावी, ठाणे-वाशी फेऱ्यांवर खर्च करू नये.

पॅनेलचीही अडचण आहेच. जुलैत उत्पादन एप्रिलच्या निम्म्यावर येतं. नेमकं तेव्हाच साताऱ्याच्या वांकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या जोरात फिरतात, ही निसर्गाची मोठी सोय आहे. रोजची अडचण त्याहून जवळची: ऊन दुपारी, स्कूटर चार्जिंगला रात्री. नेट मीटरिंगमध्ये दुपारी ग्रिडला दिलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा होते, त्यामुळे बिलात दोन्ही जुळतं, पण रात्री प्लगमधून येणाऱ्या विजेत आजही मोठा वाटा कोळशाचाच असतो. दुपारी गाडी उभी असते वाशीला. तिथल्या पार्किंगमध्ये एक साधा १५ अँपिअरचा सॉकेट बसवावा, असा अर्ज मी गेल्या आठवड्यात ऑफिसात दिला आहे. आणि गच्चीवरची ती रांग टाकीच्या दक्षिणेला हलवायचं सभेत ठरलं.