उष्टा घास, थोरलं लेकरू आणि पोटातलं बाळ

पहिल्या खेपेला बाईला फक्त स्वतःला जपायचं असतं. दुसऱ्या खेपेला कडेवर दोन-अडीच वर्षांचं लेकरू असतं आणि त्याचं नाक कायम वाहत असतं. पाळणाघरात किंवा प्लेग्रुपमध्ये नव्याने जायला लागलेलं मूल वर्षभरात आठ-दहा वेळा सर्दी-तापाने पडतं, आणि त्यात जगावेगळं काही नाही. नाशिकमध्ये ऋतू बदलला की आजारही बदलतो: पावसाळ्यात तळहात-तळपायांवर फोड, निफाडचा पारा घसरला की खोकला आणि फ्लू, होळीच्या सुमारास कांजिण्या.

अशा वेळी घरात कुणीतरी म्हणतंच, "थोरल्याला चार दिवस नाशिकरोडला आजीकडे नेऊन ठेवा." सांगणारं माणूस काळजीपोटीच सांगतं. पण बहुतेक वेळा तोवर उशीर झालेला असतो. कांजिण्यांचा पहिला फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल विषाणू पसरवत असतं. पार्व्होव्हायरस नावाच्या विषाणूच्या आजारात गालांवर लाली उमटते, तेव्हा संसर्गाचे दिवस जवळजवळ संपलेले असतात. आणि सीएमव्ही हा विषाणू अंगात असलेलं मूल तर बहुधा आजारी दिसतच नाही. आईवेगळं झालेलं मूल हिरमुसतं, इकडे आईचा जीव लागत नाही, आणि एवढं करून विषाणू घरात येऊन गेलेलाच असतो.

म्हणून मला वाटतं, मुलाला आईपासून तोडण्यात शक्ती घालवू नये. ती दोन ठिकाणी लावावी. लाळ आणि लघवीच्या बाबतीतल्या रोजच्या सवयी बदलाव्यात, आणि आईच्या रक्तात कोणत्या आजारांची प्रतिपिंडं, म्हणजे त्या आजाराशी लढणारी प्रथिनं, आहेत हे वेळेआधी तपासून घ्यावं.

सीएमव्हीपासून सुरुवात करते, कारण त्याच्याबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही. सायटोमेगॅलोव्हायरस हे त्याचं पूर्ण नाव, हर्पिसच्या कुळातला. आईकडून पोटातल्या बाळाला होणाऱ्या संसर्गांमध्ये जगभर सर्वांत जास्त आढळणारा हाच. जनुकीय कारणं बाजूला ठेवली, तर बाळांच्या जन्मजात बहिरेपणामागे हे एक मोठं कारण आहे. थोरल्या मुलाला लागण झाली तर किरकोळ ताप येतो किंवा काहीच होत नाही. मात्र त्यानंतर कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही, त्याच्या लाळेतून आणि लघवीतून विषाणू बाहेर पडत राहतो.

आता दुपारचं जेवण डोळ्यांसमोर आणा. वाटीत मऊ वरणभात, वर तुपाची धार. पोरगं चार घास खातं, पाचवा तोंडातून बाहेर काढतं, चमचा चोखून पुन्हा वाटीत बुडवतं आणि पळून जातं. उरलेला भात आई त्याच चमच्याने, ओट्याशी उभ्या उभ्या संपवते. अन्न टाकायचं नाही ही शिकवण, आणि स्वतःचं ताट वाढून घ्यायला सवड नाही. द्राक्षांचे दिवस असतील तर मूल अर्धा चावलेला मणी लाडाने आईच्या तोंडात भरवतं, आणि आई तो खाते. चमच्याला लागलेली ती ओली लाळ हाच सीएमव्हीचा नेहमीचा रस्ता.

घाबरण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. भारतात ९० टक्क्यांहून अधिक बायकांना हा संसर्ग लहानपणी किंवा तरुणपणी होऊन गेलेला असतो. गरोदरपणात तो आयुष्यात पहिल्यांदाच झाला, तर साधारण तीनातल्या एका गर्भापर्यंत पोचतो. आधी होऊन गेलेल्या बाईच्या बाबतीत हे प्रमाण शंभरात एखाद्यावर येतं. संसर्ग झालेल्या बाळांपैकीही बहुतेक ठणठणीत असतात. तरी आधीचा संसर्ग म्हणजे पूर्ण कवच नव्हे, कारण हा विषाणू शरीरात दडून राहतो, पुन्हा जागा होऊ शकतो, आणि त्याचा वेगळा वाणही लागू शकतो. त्यावर लस अजून आलेली नाही. म्हणून आईचा चमचा आणि पेला वेगळा, मुलाचं उष्टं बाबांनी किंवा आजोबांनी संपवायचं, पापी कपाळावर किंवा केसांवर घ्यायची, डायपर बदलल्यावर आणि शेंबूड पुसल्यावर हात साबणाने धुवायचे. पहिल्या तीन महिन्यांत हे सगळ्यांत काटेकोरपणे पाळावं. मांडीवर घेणं, कुशीत झोपवणं यातलं काहीही बंद करायची गरज नाही.

कांजिण्यांचा हिशेब वेगळा आहे. थंड देशांत हा आजार बहुतेकांना शाळेच्या वयाआधीच होऊन जातो. उष्ण प्रदेशांत तो उशिरा होतो, त्यामुळे आपल्याकडे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या बाईला तो झालेलाच नसण्याची शक्यता थंड देशांपेक्षा जास्त. सरकारी लसीकरणात कांजिण्यांची लस नाही, ती खासगी दवाखान्यात पैसे देऊन घ्यावी लागते. आणि एकाच घरात राहणाऱ्या, आधी आजार न झालेल्या माणसांपैकी दहातल्या नऊ जणांना तो होतो. म्हणून दिवस गेल्यावर, शक्य असेल तर दुसऱ्या बाळाचा विचार करतानाच, स्वतःच्या आईला विचारा: मला कांजिण्या झाल्या होत्या का? खात्रीचं उत्तर "हो" असेल, तर थोरल्याच्या अंगावर फोड आले तरी तुम्ही त्याला निर्धास्तपणे मांडीवर घेऊन अंघोळ घालू शकता. उत्तर "आठवत नाही" असेल, तर रक्ताची एक तपासणी शंका मिटवते.

प्रतिपिंडं नसलेल्या आईला पहिल्या २० आठवड्यांत कांजिण्या झाल्या, तर शंभरातल्या एक-दोन बाळांच्या त्वचेवर, डोळ्यांवर किंवा हातापायांच्या वाढीवर परिणाम होतो. पुढच्या महिन्यांत बाळापेक्षा आईला धोका मोठा, कारण गरोदरपणात कांजिण्यांचा न्यूमोनिया गंभीर होऊ शकतो. आणि आईच्या अंगावर फोड बाळंतपणाआधीच्या ५ दिवसांपासून नंतरच्या २ दिवसांपर्यंतच्या काळात उठले, तर नवजात बाळाचा जीव धोक्यात येतो. विषाणू नाळेतून पोचलेला असतो, पण आईच्या शरीराला प्रतिपिंडं बनवून बाळाकडे पाठवायला वेळच मिळालेला नसतो.

या आजारात घड्याळ महत्त्वाचं. संपर्क आल्यापासून १० दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं. फोड आलेच, तर अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध पहिल्या २४ तासांत सुरू केलं तर त्याचा चांगला उपयोग होतो. घरात कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, पण डॉक्टरांना फोन त्याच्याआधी गेला पाहिजे. दवाखान्यात थेट जाऊन रांगेत बसू नका, आधी कळवा. त्या बाकावर दुसऱ्या गरोदर बायकाही बसलेल्या असतात. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला भाचरं-पुतणी जमतात, तेव्हा कुणाकडे कांजिण्या निघाल्या आहेत का, हे जाऊबाईंना आधीच विचारून घ्या. त्यात संकोच कसला?

पार्व्होव्हायरस बी-१९ ची नाशिकच्या घरांत फारशी ओळख नाही. १९७५ मध्ये लंडनमध्ये इव्हॉन कोसार्ट रक्ताचे नमुने हेपॅटायटिस बी साठी तपासत असताना तो सापडला. नमुना बी रांगेतला, १९ व्या क्रमांकाचा, तेच त्याचं नाव झालं. मुलाला थोडा ताप येतो आणि गाल चापट मारल्यासारखे लाल होतात. सावळ्या गालावर ही लाली सहज नजरेत येत नाही, म्हणून निदान निसटतं. हा विषाणू तांबड्या पेशी बनवणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. पोटातल्या बाळाला वाढण्यासाठी तांबड्या पेशी झपाट्याने बनवाव्या लागतात, त्यामुळे क्वचित त्याला तीव्र रक्तक्षय होतो. साधारण निम्म्या बायकांकडे आधीच प्रतिपिंडं असतात. ज्यांच्याकडे नसतात आणि ज्यांना लागण झाल्याचं कळतं, त्यांची पुढचे काही आठवडे वरचेवर सोनोग्राफी करतात. बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला रक्ताचा वेग वाढलेला दिसला, तर रक्तक्षयाचा अंदाज येतो, आणि गरज पडली तर पोटातल्या पोटात बाळाला रक्त देता येतं.

हात-पाय-तोंडाचे फोड दिसायला भयंकर, पण गर्भाला त्यापासून सहसा अपाय होत नाही. साध्या सर्दीचंही तसंच. फ्लू मात्र साधी सर्दी नव्हे. वाढणारं गर्भाशय श्वासपटलाला सुमारे ४ सेंटिमीटर वर ढकलतं, फुप्फुसांत राखीव हवा कमी उरते, आणि त्याच काळात शरीराची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. म्हणून गरोदर बाईचा फ्लू लवकर छातीत उतरतो. फ्लूची लस कोणत्याही महिन्यात घेता येते. धाप लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची, गोष्ट नाशिकच्या आजच्या आयांना विशेष लागू पडते. १९४१ मध्ये सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आलं, की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या कितीतरी बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, पण ती ९ महिने ते १५ वर्षं वयाच्या मुलांसाठी होती. तेव्हा कॉलेजात असलेल्या मुली आज आई होत आहेत आणि त्या मोहिमेत त्या नव्हत्या. २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात गोवराची साथ आली होती. गोवराने गर्भात व्यंग येत नसलं, तरी गर्भपात आणि अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. दोन्हींची लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणात देत नाहीत. ती दिवस जाण्याच्या किमान महिनाभर आधी किंवा बाळंतपणानंतर घ्यायची.

सॅनिटायझरवर फार विसंबू नका. फ्लू आणि सीएमव्ही यांच्याभोवती चरबीचं आवरण असतं, ते अल्कोहोलने फाटतं. हात-पाय-तोंडाचे फोड आणणाऱ्या किंवा जुलाब-उलट्यांच्या बऱ्याच विषाणूंना ते आवरणच नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्यांच्यावर फिकं पडतं. साबण लावून, चोळून, वाहत्या पाण्याखाली धुतलेले हात दोन्हींवर चालतात.

मुलाच्या तापाचं औषध घरात असतं म्हणून आईने ते स्वतः घेऊ नये. आईच्या तापाला डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल चालतं, अंगात ताप तसाच ठेवणंही बरं नाही. आयब्रुफेन मात्र २० आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतं, आणि अनेक तयार गोळ्यांत ते पॅरासिटामॉलसोबत मिसळलेलं असतं. पाकिटामागची नावं वाचा.

राहिला बाळ घरी आल्यानंतरचा काळ. गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत डांग्या खोकल्याची लस घेतली, तर आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे जातात आणि त्याची स्वतःची लस सुरू होईपर्यंत त्याला सांभाळतात. त्याच महिन्यांत थोरल्याचं लसीकरणाचं कार्डही काढून पाहा. १६ ते २४ महिन्यांमधला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिला असेल, तर आई गरोदर आहे म्हणून तो पुढे ढकलू नका. लस घेतलेल्या मुलाकडून आईला गोवर किंवा रुबेला होत नाही.