यॉट क्रूचं ट्रेनिंग भूमध्य समुद्रात कसं उभं राहिलं

इन्स्टावर सुपरयॉटच्या नोकरीचे रील बघून आपल्याकडची पोरंही हल्ली विचारायला लागलीत की याचा कोर्स कुठे होतो आणि किती दिवसांचा असतो. फ्रान्समधलं अँटिब, स्पेनमधलं पाल्मा, आणि जिब्राल्टर ही त्यातली मोठी नावं, आणि बेसिक कोर्स असतो जेमतेम आठवडाभराचा. पण त्या आठवड्यात नेमकं हेच का शिकवतात, आणि फ्रान्सच्या बंदरात ब्रिटिश सर्टिफिकेटला एवढा भाव का, हे कळायचं तर बरंच मागे जावं लागतं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यॉटवर कुणी शिकून येत नव्हतं, माणसं मुळात समुद्रातलीच असायची. इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्यावर टॉल्सबरी, ब्राइटलिंगसी, विव्हनहो अशी मच्छीमारांची गावं आहेत, तिथले लोक थंडीत मासेमारी करायचे आणि उन्हाळ्यात श्रीमंतांच्या यॉटवर कामाला जायचे, बाप जायचा म्हणून पोरगा जायचा. आपल्याकडच्या बोटीवरच्या लोकांचंही तेच. 1869 ला सुएझ कालवा उघडला आणि भूमध्य समुद्रातून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, सलूनमधे गोव्याचे स्टुअर्ड असायचे, आणि नव्या पोराला तयार करायचं ते सारंग आणि टंडेल (खलाशांचे मुकादम) यांनी. शाळा नाही, सर्टिफिकेट नाही, जे काय ते कामावरच.

पुढे दोन वेगळ्या वाटांनी शिक्षण आलं आणि आजचा कोर्स म्हणजे या दोन वाटा एकत्र आल्यात, माझ्या मते हा मुद्दा धरला की बाकी सगळं आपोआप समजतं.

पहिली वाट हौशी लोकांची. ब्रिटनमधे 1875 साली यॉट रेसिंग असोसिएशन निघाली ती शर्यतींचे नियम एकसारखे करायला, 1952 मधे तिचं नाव रॉयल यॉटिंग असोसिएशन झालं, आणि 1970 च्या दशकात सरकारची यॉटमास्टर परीक्षा, म्हणजे यॉटच्या कप्तानाची परीक्षा, चालवायचं काम तिच्याकडे आलं. ब्रिटनमधे स्वतःची शिडाची बोट चालवायला आजही लायसन्स लागत नाही, सक्ती करण्यापेक्षा लोकांनी आपणहून शिकावं असं तिथलं धोरण. त्यामुळे यॉटमास्टर ही परीक्षा पुस्तकी नाहीच, परीक्षक तुमच्याबरोबर बोटीवर येतो, एकच उमेदवार असला तरी 8 ते 12 तास थांबतो, रात्री बंदरात शिरायला लावतो. आणि यॉटमास्टर ऑफशोअर या किनाऱ्यापासून दूरच्या सफरींच्या पातळीला बसायच्या आधी 50 दिवस समुद्रावर आणि 2500 सागरी मैल झालेले हवेत. म्हणजे अनुभव आधी आणि कागद मागाहून, मला ही पद्धत फार पटते.

दुसरी वाट व्यापारी जहाजांची, ती अपघातांमधून आलेली. टायटॅनिकनंतर 1914 मधे सोलास हा समुद्रावरच्या सुरक्षेचा करार झाला पण त्यात भर जहाजावर होता, माणसांच्या शिक्षणाचा जागतिक करार व्हायला 1978 उजाडलं, तो एसटीसीडब्ल्यू (खलाशांचं शिक्षण, सर्टिफिकेट आणि पहारा यांचे नियम), 1984 मधे लागू झाला. आता यातली गंमत बघा, या करारातून काही बोटी मुळातच वगळल्यात, युद्धनौका, मच्छीमारी बोटी, जुन्या पद्धतीच्या साध्या लाकडी बोटी आणि धंदा न करणाऱ्या खाजगी यॉट. कळीचे शब्द आहेत 'धंदा न करणाऱ्या'. कारण नंतरच्या काळात यॉट मोठमोठ्या होत गेल्या, खर्च भरून काढायला मालक त्या आठवड्याच्या भाड्याने चार्टरला द्यायला लागले, म्हणजे धंदा सुरू झाला आणि यॉट एकदम व्यापारी जहाजांच्या नियमांत आल्या. पण मालवाहू जहाजाचे नियम शिडाच्या नाजूक बोटीला जसेच्या तसे लावणार कसे?

त्याच सुमारास एक वाईट अपघात झाला होता. 3 जून 1984 ला मार्क्वेस नावाचं ब्रिटिश शिडाचं जहाज अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटाजवळ टॉल शिप्सच्या, म्हणजे उंच डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजांच्या, शर्यतीत वादळी वाऱ्याच्या झोताने आडवं होऊन बुडालं, 28 पैकी 19 जण गेले, त्यात शिकायला आलेली पोरंही होती. शिडाचं जहाज किती कलू शकतं आणि कितीपर्यंत परत उभं राहू शकतं, म्हणजे स्टॅबिलिटी, याच्यावर ब्रिटनमधे त्यानंतर गंभीरपणे काम झालं. मग 1997 मधे मोठ्या कमर्शियल यॉटसाठी ब्रिटनने वेगळा कोड काढला, 24 मीटर किंवा त्याहून लांब बोट आणि जास्तीत जास्त 12 प्रवासी. हा 12 चा आकडाही सोलासमधलाच, त्याच्यावर गेलात की तुम्ही पॅसेंजर शिप. केमन, बर्म्युडा, जिब्राल्टर, आइल ऑफ मॅन हे ब्रिटनच्या अखत्यारीतले प्रदेश सगळे याच ब्रिटिश झेंड्याच्या कुटुंबातले आणि मोठ्या यॉटचं रजिस्ट्रेशन यांच्याकडे भरपूर, म्हणून बोट अँटिबला उभी असली तरी क्रूचे कागद ब्रिटिश पद्धतीचे लागतात.

तर बेसिक कोर्समधे जीव वाचवायचं तंत्र, आग, प्रथमोपचार, जहाजावरची सुरक्षित वागणूक आणि सिक्युरिटी एवढं असतं. यातल्या आगीच्या दिवसाला महत्त्व का ते सांगतो, 7 एप्रिल 1990 ला स्कँडिनेव्हियन स्टार या फेरीबोटीवर आग लागली, 159 माणसं गेली, क्रूमधले बरेच जण नवे भरलेले, त्यांना जहाजाची माहिती नाही, एकमेकांची भाषा धड कळत नाही. 1995 मधे एसटीसीडब्ल्यू पूर्ण नव्याने लिहिला गेला त्यामागे अशीच प्रकरणं होती. म्हणून आज स्टुअर्डेस म्हणून जाणाऱ्या मुलीलाही पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून धुराने भरलेल्या खोलीत जावं लागतं, काही दिसत नाही, एक हात भिंतीवर, हाताची मागची बाजू लावायची (उघडी वायर असेल तर तळहात आवळला जातो म्हणून), पाय सरकवत पुढे जायचं आणि डमीला बाहेर ओढून आणायचं. तलावात लाइफराफ्ट (जीव वाचवायचा फुगवता तराफा) मुद्दाम उलटा टाकतात, त्याच्या गॅसच्या बाटलीवर उभं राहून पट्टा धरून सगळं वजन मागे टाकायचं, राफ्ट सुलटा होताना अंगावरच येतो, तेव्हा न घाबरता खालून निघायचं. एसटीसीडब्ल्यूच्या 2010 च्या मनिला दुरुस्त्यांनंतर जीव वाचवणं आणि आग हे दर पाच वर्षांनी परत करून दाखवावं लागतं, आणि ते बरोबरच आहे, हे वाचून येत नाही.

जिब्राल्टरचं नाव मात्र वेगळ्या कारणाने. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, आणि यॉटमास्टरला तर निम्मा अनुभव भरती-ओहोटीच्या पाण्यातला लागतो, म्हणून पाल्मात महिनोन् महिने शीड हाताळलेला माणूसही तेवढ्यावर परीक्षेला बसू शकत नाही. जिब्राल्टरची सामुद्रधुनी अटलांटिकच्या तोंडाशी, सगळ्यात अरुंद जागी साधारण 14 किलोमीटर, भरतीचे प्रवाह आहेत, लेव्हान्ते (पूर्वेचा) आणि पोनियेन्ते (पश्चिमेचा) हे दोन वारे आहेत आणि मोठ्या जहाजांची रांग न संपणारी, म्हणून शिकायला उत्तम. उलट बोटीची मागची बाजू धक्क्याला लावायची, पुढे नांगर टाकून मागे मागे येत दोन यॉटच्या मधे घुसायचं, हे शिकावं ते भूमध्य समुद्रातच.

2013 मधे खलाशांच्या कामाच्या हक्कांचा एमएलसी करार लागू झाला, विश्रांतीचे तास, करारपत्र, पगार हे कागदावर आलं. तरी पहिली नोकरी मिळवायची रीत बदलली नाहीये, सीझनच्या आधी धक्क्यावर बोटीबोटीला जाऊन सीव्ही द्यायचा आणि दिवसावारी काम मागायचं. भारतीय पासपोर्टला इथेच अडतं, शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र व्हिसा) असा कामाच्या शोधात फिरायला मिळत नाही, त्यामुळे कोर्स विकणारे जे सोप्पं चित्र दाखवतात ते आपल्या पोरांसाठी खरं नाही आणि हे पैसे भरायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं. बेसिक एसटीसीडब्ल्यू मुंबईत आणि गोव्यातही होतो.

19 ऑगस्ट 2024 च्या पहाटे सिसिलीत पोर्तिचेल्लोसमोर बेझियन ही 56 मीटरची शिडाची यॉट नांगरावर असताना वादळात आडवी झाली आणि बुडाली, 22 पैकी 7 जण गेले, त्यात क्रूमधला शेफही. 2025 मधे ब्रिटिश तपास यंत्रणेचा अंतरिम अहवाल आला, त्यात आहे की शीडं गुंडाळलेली, सेंटरबोर्ड (तळातून खाली सोडायची, बोट स्थिर ठेवणारी फळी) वर घेतलेला अशा स्थितीत बाजूने साधारण 63 नॉटच्या (तासाला सुमारे 117 किलोमीटर) पुढचा वाऱ्याचा झोत आला तर ती उलटू शकत होती, आणि ही गोष्ट बोटीवरच्या स्टॅबिलिटी पुस्तकात नव्हतीच, म्हणजे क्रूला कळायला मार्गच नव्हता. मार्क्वेसला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. स्टॅबिलिटी हा विषय ऑफिसरच्या परीक्षांना येतो, पहिल्या आठवड्याच्या कोर्समधे तो नसतो.