सैतान: हुद्दा की नाव?

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या रविवारी पुण्याच्या कॅम्पातल्या चर्चमध्ये सैतानाने अरण्यात घेतलेल्या येशूच्या परीक्षेचा उतारा वाचला जातो आणि मग कोणीतरी विचारतंच, हा सैतान आला कुठून? ठरलेलं उत्तर म्हणजे गर्विष्ठ झालेला देखणा देवदूत, बंड आणि पतन. गंमत अशी की ही गोष्ट अशी सलग बायबलमध्ये कुठेच नाही.

हिब्रूत ‘सातान’ म्हणजे आडवा येणारा, विरोधक. बायबलमधल्या गणनेच्या पुस्तकात बलाम या द्रष्ट्याच्या गाढवीची वाट अडवायला ‘सातान’ म्हणून उभा राहतो तो खुद्द परमेश्वराचा दूत. पुढे राजा झालेला दावीद ऐन लढाईत आपला ‘सातान’ होईल, अशी पलिष्टी सरदारांना धास्ती वाटते. मराठीत या दोन्ही ठिकाणी साधे शब्द आहेत, त्यामुळे वाचकाला धागा लागत नाही.

खरा गुंता ईयोबाच्या, म्हणजे संकटांनी निष्ठा पारखल्या गेलेल्या एका सज्जनाच्या, पुस्तकात आहे. तिथे मूळ शब्द ‘हा-सातान’ असा आहे. यातला ‘हा’ हिब्रूतलं निश्चित उपपद, इंग्रजीतल्या ‘the’सारखं, आणि व्यक्तीच्या विशेषनामाला ते लागत नाही. म्हणजे हे नाव नव्हे, देवाच्या दरबारातला हुद्दा आहे, कोतवाल किंवा सरकारी वकील म्हणा. तो पृथ्वीवर हिंडून येतो, माणसाच्या निष्ठेवर शंका घेतो, पण परवानगीशिवाय ईयोबाच्या एका शेळीलाही हात लावू शकत नाही. दुसऱ्या अध्यायानंतर तर तो दिसतच नाही. मराठीला असं उपपदच नाही, त्यामुळे ‘सैतानही आला’ म्हटलं की हुद्द्याचं नाव होऊन बसतं. माझ्या मते ‘फिर्यादी’ हा शब्द इथे चालला असता. पण अरबी-फारसीतून आलेला ‘सैतान’ मराठीत आधीच रुळलेला होता, आणि त्याच्याबरोबर सगळा दुष्टपणाही आला.

बदल दिसतो तो यहुद्यांच्या बाबेलातल्या बंदिवासानंतर. दाविदाला शिरगणती करायला शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात परमेश्वराचा कोप चिथावतो. तीच हकीकत नंतरच्या इतिहासाच्या पुस्तकात येते तेव्हा चिथावणारा ‘सातान’ असतो, तोही उपपदाशिवाय. चांगली आणि वाईट अशा दोन शक्ती मानणाऱ्या इराणी द्वैतविचाराचा हा परिणाम, असं बरेच जण सांगतात. पारशी शेजार असलेल्या पुणेकराला ते चटकन पटतंही, पण थेट पुरावा विरळ आहे.

हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात ‘दियाबोलोस’, म्हणजे निंदक, हा शब्द आला. नव्या करारात तो परीक्षक, खोट्याचा बाप, या जगाचा अधिपती झाला. एदेन बागेतला साप उत्पत्तीच्या पुस्तकात नुसताच धूर्त साप आहे. त्याला सैतानाशी उघडपणे जोडतं ते बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकातलं १२ : ९.

‘लुसिफर’ तर आणखी उशिराचा. यशया १४ मधली ती टोमणेगाथा बाबेलच्या राजावर आहे. तिथल्या प्रभाततार्‍याला लॅटिनमध्ये ‘लुसिफर’ म्हटलं, पुढे तेच सैतानाचं नाव ठरलं. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या लॅटिन भाषांतरात हाच शब्द चांगल्या अर्थाने येतो, आणि चौथ्या शतकात सार्डिनियातल्या एका बिशपचं नावही हेच होतं. सैतान मुळात चांगला निर्माण झाला, स्वतःहून दुष्ट झाला, हे रोममधल्या धर्मसभेने १२१५ मध्ये ठरावात घातलं.

कॅम्पातच, चर्चपासून चालत जाण्याच्या अंतरावर, लाल देऊळ, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, आहे. ईयोबाचं पुस्तक तिथेही पवित्र. पण यहुदी परंपरेत ‘हा-सातान’ बहुतांशी देवाच्या चाकरीतला फिर्यादीच राहिला.