हेगच्या न्यायालयाची हद्द कुठवर? फैजपूर ते रोम

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन म्हणून खानदेशात ते आजही अभिमानाने सांगितले जाते. यावल तालुक्यातल्या त्या मंडपात अध्यक्ष जवाहरलाल नेहरू स्पेनमधल्या यादवीबद्दल आणि फॅसिझमच्या वाढत्या आक्रमणाबद्दल बोलले, याची आठवण मात्र फारशी निघत नाही. त्याच वर्षी इटलीने विषारी वायूचा वापर करून इथिओपिया जिंकला होता. राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, इटलीला आक्रमक ठरवले, आर्थिक निर्बंध लादले आणि वर्षाच्या आत ते उठवलेही. तो वायू सोडण्याचे हुकूम देणाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करील, असे न्यायालय जगात कुठेच नव्हते.

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे चार सोबती त्यात गेले. सरकारने आपल्याच ताब्यातल्या प्रजेवर बंदूक चालवली, तर तो त्या सरकारचा अंतर्गत मामला, एवढेच तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचे म्हणणे होते.

या समजुतीला पहिला तडा दुसऱ्या महायुद्धातल्या जेत्या राष्ट्रांच्या ८ ऑगस्ट १९४५ च्या लंडन कराराने दिला. युद्धगुन्ह्यांच्या जोडीला ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ आले आणि राज्यकर्त्यांनी स्वतःच्या नागरिकांवर केलेले अत्याचारही त्यात धरले गेले. पण त्यांचा युद्धाशी संबंध दाखवावा लागे, आणि नाझी नेत्यांवरच्या न्युरेंबर्गच्या खटल्यात आरोपी म्हणून बसले ते फक्त हरलेल्या बाजूचे लोक. जपानी नेत्यांवरच्या टोकियोच्या खटल्यात भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी नेमके यावरच बोट ठेवले. जपानी सैन्याचे अत्याचार त्यांनी नाकारले नाहीत. जेत्यांनी मागाहून केलेला कायदा आधीच्या कृत्यांना लावणे त्यांना मान्य नव्हते. १९४८ च्या आपल्या भिन्न निकालपत्रात त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवले. निष्कर्ष पटो वा न पटो, कायदा सगळ्यांना सारखा का नाही हा त्यांचा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

भारत त्या काळात या विषयात मागे नव्हता. वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर १९४६ मध्ये जाहीर केले. तो ठराव मांडणारे देश तीन: क्युबा, पनामा आणि भारत. १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारात तर भावी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा उल्लेखही होता. पुढे शीतयुद्धाने सगळे गोठले. युगोस्लाव्हियासाठी १९९३ मध्ये आणि रवांडासाठी १९९४ मध्ये सुरक्षा परिषदेने खास न्यायाधिकरणे नेमली, तेव्हा कुठे कायमच्या न्यायालयाची चर्चा नेटाने पुढे सरकली.

१७ जुलै १९९८ रोजी रोममध्ये अशा न्यायालयाच्या स्थापनेच्या करारावर मतदान झाले. १२० देश बाजूने, ७ विरोधात, २१ तटस्थ. भारत तटस्थ राहिला. १ जुलै २००२ पासून नेदरलँड्समधल्या हेगचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय अस्तित्वात आले.

धुळ्या-जळगावकडे कायदा शिकणारी मुले विचारतात, आपण सदस्यच नाही, तर त्या न्यायालयाचा आपल्याशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र सरळ ‘काही नाही’ असे नाही. हे न्यायालय आरोपीचा देश बघते, तसेच गुन्हा कुठल्या भूमीवर घडला हेही बघते. सदस्य देशाच्या भूमीवर गुन्हा घडला, तर बिगरसदस्य देशाचा नागरिकही त्याच्या कक्षेत येतो. रशिया आणि इस्रायल सदस्य नाहीत. तरी व्लादिमिर पुतिन यांच्यावर मार्च २०२३ मध्ये आणि बेंजामिन नेतान्याहू यांच्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये अटक वॉरंट निघाले, ते याच आधारावर. युक्रेनने तेव्हा न्यायालयाचा अधिकार खास घोषणेने मान्य केलेला होता, पॅलेस्टाइन २०१५ पासून सदस्य आहे.

म्यानमारमधून बांगलादेशात हुसकावलेल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात ही कक्षा आणखी ताणली गेली. म्यानमार सदस्य नाही, बांगलादेश आहे. लोकांना हुसकावण्याचा गुन्हा सीमेपलीकडे गेल्यावरच पुरा होतो, म्हणून आपल्याला अधिकार आहे, असे न्यायाधीशांनी २०१८ मध्ये ठरवले. मध्य प्रदेशातल्या खेतियात सुरू झालेला गुन्हा महाराष्ट्रातल्या शहाद्याच्या हद्दीत पुरा झाला, तर शहाद्याचे ठाणेही त्याची दखल घेऊ शकते, तसाच हा विचार.

तिसरी वाट सुरक्षा परिषदेची. परिषद बिगरसदस्य देशाचे प्रकरणही हेगला पाठवू शकते. २००५ मध्ये सुदानमधल्या दारफूरचे तसे पाठवले गेले. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्यावर वॉरंट निघाले. पण न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत. ऑक्टोबर २०१५ मध्ये बशीर भारत-आफ्रिका शिखर परिषदेसाठी दिल्लीला येऊन गेले. भारत सदस्य नसल्याने त्यांना अटक करण्याचे बंधन आपल्यावर नव्हते. मंगोलियावर ते होते, तरी सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन तिथे जाऊन सुखरूप परतले. उलट फिलिपिन्सने सदस्यत्व सोडूनही मार्च २०२५ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना हेगला पाठवले. देश सदस्य असतानाच्या काळातले आरोप सदस्यत्व सोडल्याने पुसले जात नाहीत.

भारताचा मुख्य आक्षेप होता याच सुरक्षा परिषदेच्या अधिकाराला. पाच कायम सदस्यांपैकी अमेरिका, रशिया आणि चीन स्वतः न्यायालयाबाहेर, आणि दुसऱ्यांना तिथे पाठवायला मात्र मोकळे! हा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. अण्वस्त्रांचा वापर युद्धगुन्ह्यांत धरावा ही भारताची मागणी रोममध्ये बाजूला सारली गेली, दहशतवादाचाही समावेश झाला नाही. या तक्रारींतही तथ्य आहे. देशांतर्गत संघर्ष न्यायालयाच्या कक्षेत नकोत, हा मुद्दा मात्र मला पटत नाही. राज्यसंस्थेपुढे माणूस सर्वात एकाकी पडतो तो आपल्याच देशात.

शिवाय हे न्यायालय पूरक आहे. देशाने स्वतः प्रामाणिकपणे खटला चालवला, तर हेगला हात घालता येत नाही. त्यासाठी देशात तसा कायदा हवा. १९४९ च्या जिनिव्हा करारांसाठी आपण १९६० मध्ये कायदा केला. वंशसंहारविरोधी कराराला १९५९ मध्ये अनुमोदन दिले, कायदा केला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये, १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातल्या सज्जन कुमार खटल्याचा निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने ही पळवाट स्पष्ट शब्दांत दाखवली: वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत, आणि ही उणीव तातडीने भरून काढायला हवी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. दोन्हींपैकी एकाही गुन्ह्याचे कलम तिच्यात नाही.